मार्चमध्ये रस्ता मऊ का पडतो?

मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, अपर पेनिन्सुलात, एम-२८ नावाचा राज्य महामार्ग आहे. पश्चिमेला वेकफील्डपासून निघतो आणि पूर्वेला सू सेंट मेरीच्या थोडं अलीकडे, आय-७५ ओलांडून, एम-१२९ला मिळतो. लांबी साधारण ४६७ किलोमीटर. वाटेतलं त्यातल्या त्यात मोठं गाव म्हणजे मार्केट (बाजार नव्हे, गावाच्या नावाचा उच्चारच तसा आहे). बाकी म्युनिसिंग, शिंगल्टन, सेनी अशी छोटी गावं. शिंगल्टन ते सेनी हा ४० किलोमीटरचा पट्टा दलदलीतून नाकासमोर सरळ जातो, नावालाही वळण नाही. पिक्चर्ड रॉक्स बघायला गेलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी त्यावर कंटाळून जांभया दिल्या असतील.

या भागात लाकडाचा धंदा मोठा. जानेवारीत उणे वीस तापमानात ओंडक्यांनी गच्च भरलेले ट्रक बिनधास्त पळत असतात. मग मार्च येतो, ऊन पडतं, बर्फ वितळायला लागतो, आणि एम-२८ला येऊन मिळणाऱ्या कितीतरी लहान रस्त्यांवर पाट्या लागतात: जड वाहनांना वजनाची मर्यादा. स्थानिक लोक याला 'फ्रॉस्ट लॉ' म्हणतात. मिशिगनच्या कायद्यानुसार मार्च, एप्रिल आणि मे या काळात काँक्रीटच्या रस्त्यांवर एक्सलमागचं कमाल वजन २५ टक्क्यांनी कमी करायचं आणि बाकी सगळ्या रस्त्यांवर ३५ टक्क्यांनी. प्रत्यक्ष तारखा त्या त्या वर्षीचं हवामान बघून पुढेमागे होतात. जाड आणि नीट बांधलेले काही मुख्य मार्ग 'बारमाही' म्हणून जाहीर केलेले असतात, त्यांना ही कपात लागू नाही.

पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. कडाक्याच्या थंडीत, बर्फाच्या वादळात रस्ता ठणठणीत. आणि हवा सुखद झाली की तोच रस्ता नाजूक! पण रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर यात काहीच उलटं नाही. त्यासाठी डांबराच्या खाली उतरावं लागेल.

भार शेवटी मातीच्या अंगावर

रस्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डांबर येतं, पण डांबर हे नुसतं वरचं कातडं. खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर ते दहा-पंधरा सेंटिमीटर जाड असतं, कधी त्याहूनही कमी. त्याखाली खडी, त्याखाली मुरूम किंवा वाळू, आणि सगळ्यात खाली तिथलीच दाबून बसवलेली माती. ट्रकच्या टायरखाली डांबरावर येणारा दाब साधारण टायरमधल्या हवेइतका, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातपट असतो. प्रत्येक थराने हा दाब पसरवत पसरवत खाली न्यायचा. मातीपर्यंत तो इतका पातळ होऊन पोचला पाहिजे की माती कायमची दबणार नाही. ती दबली, की वरचं डांबर कितीही चांगलं असो, त्याला खालून आधार उरत नाही आणि ते वाकून वाकून तडकतं.

आता मातीची ताकद येते कुठून? कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात याचं उत्तर दिलं आणि मृदायांत्रिकी हे शास्त्रच त्यातून उभं राहिलं. मातीचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात आणि त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण असतं. हे घर्षण म्हणजेच मातीची ताकद. पण कणांमधल्या फटी पाण्याने काठोकाठ भरल्या आणि पाण्याला पळायला वाट नसली, तर वरून आलेला भार पाणी उचलायला लागतं. कणांचा एकमेकांवरचा दाब कमी होतो आणि ते सहज घसरतात. समुद्रकिनारी पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर एकाच जागी पाय नाचवून बघा. थोड्या वेळात पाणी वर येतं आणि मघाशी टणक वाटलेल्या वाळूत पाय रुतायला लागतो. रस्त्याखाली नेमकं हेच होतं, फक्त पाय ट्रकचे असतात.

म्हणजे प्रश्न असा उरतो, की मार्चमध्ये रस्त्याखाली इतकं पाणी आलं कुठून? सहज सुचणारं उत्तर म्हणजे वरचा बर्फ वितळून झिरपलं. थोडं तसंही असतं. पण बरंचसं पाणी आधीच तिथे येऊन बसलेलं असतं. ते आलेलं असतं हिवाळ्यात, आणि खालून.

जमीन पाणी ओढते

थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्ते वर उचलले जातात. इंग्रजीत याला 'फ्रॉस्ट हीव्ह' म्हणतात. कुणालाही कारण विचारा, 'पाणी गोठताना फुगतं' असंच सांगतील. शाळेत आपण हेच शिकलो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, हे खरंच आहे. पण हिशेब करून पाहू. समजा मातीत ४० टक्के जागा पाण्याने भरलेली आहे आणि वरची एक मीटर माती गोठली. तर फुगवटा झाला ४० सेंटिमीटरच्या ९ टक्के, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात मात्र वाईट जागी रस्ता दहा, पंधरा, वीस सेंटिमीटरही उचलला जातो. नुसत्या फुगण्याने हा हिशेब जुळत नाही.

स्टीफन टेबर नावाच्या भूशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. गंमत म्हणजे हा माणूस साउथ कॅरोलायनाचा, जिथे रस्ते गोठून उचलले जाण्याची भीती जवळपास नाहीच. १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या लेखांमध्ये त्याने मातीचे नमुने वरून गोठवले आणि खालून त्यांना पाणी मिळत राहील अशी सोय केली. नमुने भरपूर उचलले गेले. मग त्याने मला सगळ्यात आवडणारी गोष्ट केली: पाण्याऐवजी बेंझिन वापरलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती उचलली गेली! एका प्रयोगात शाळेतलं उत्तर निकालात निघालं. पुढे आर्गॉन आणि हेलियमवरही असे प्रयोग झाले आणि तिथेही हाच परिणाम दिसला. म्हणजे ही करामत पाण्याच्या विक्षिप्तपणाची नाही, गोठण्याचीच आहे.

होतं असं. माती वरून गोठत जाते तेव्हा बर्फ आणि मातीचा कण यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा शिल्लक राहतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, आणि तो शून्याच्या खालीही गोठत नाही, कारण कणाच्या पृष्ठभागाचं आकर्षण त्याला द्रवरूपात धरून ठेवतं. बर्फाला वाढायचं असतं, म्हणून तो या पापुद्र्यातलं पाणी खातो. पापुद्रा पातळ झाला की तो आपली जाडी भरून काढायला आजूबाजूचं पाणी ओढून घेतो. आजूबाजूचं संपलं की खालचं. जमिनीखालच्या ओल्या थरापासून गोठणाऱ्या सीमेपर्यंत पाणी सतत वर चढत राहतं, समईच्या वातीतून तेल चढावं तसं. वर पोचलेलं पाणी गोठतं, आणि मातीत शुद्ध बर्फाचे आडवे थर तयार होतात. मध्ये जाड, कडेला निमुळते, म्हणून त्यांना बर्फाची भिंगं म्हणतात. एक भिंग, मग थोडी माती, मग पुढचं भिंग. गोठलेली माती आडवी कापून पाहिली तर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी दिसते.

या ओढीत जोर किती? उष्मागतिकीच्या साध्या गणिताने तो काढता येतो. तापमान शून्याच्या खाली जितकं जाईल, तितका दर अंशाला बर्फ जास्तीत जास्त सुमारे ११ वातावरणांइतका दाब देऊ शकतो. अर्धा मीटर जाडीच्या रस्त्याचं स्वतःचं ओझं भरतं वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक दशांश. म्हणजे एका अंशाच्या थंडीत रस्ता उचलायला लागतो त्याच्या शंभरपट जोर तयार असतो. रस्ता जड बांधून हे थांबणार नाही, हे उघड आहे.

थांबवायचं तर माती बदलावी लागते, किंवा पाणी तोडावं लागतं. जाड वाळूत फटी मोठ्या असल्याने पाणी वर चढत नाही. चिकणमातीत ओढ जबरदस्त, पण फटी इतक्या बारीक की पाणी फार हळू सरकतं. सगळ्यात घातक या दोन्हींच्या मधला पोयटा: वात म्हणून पुरेसा बारीक आणि नळ म्हणून पुरेसा मोकळा. १९३०च्या सुमारास आर्थर कॅसाग्रांदे यांनी न्यू हॅम्पशरमधल्या रस्त्यांचा अभ्यास करून एक अंगठेनियम दिला होता. लहानमोठे कण मिसळलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ती माती धोक्याची. फक्त ३ टक्के! मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागांवर हिमयुगात हिमनद्या बसलेल्या होत्या आणि त्यांनी दळून ठेवलेला बारीक माल इथे ठिकठिकाणी पसरलेला आहे. वातीला तोटा नाही.

परात

आता यात माणसाचा हातभार बघा. बर्फ हे उत्तम पांघरूण आहे, कारण ताजा बर्फ म्हणजे बहुतांशी हवाच. अपर पेनिन्सुलाच्या काही भागांत हिवाळ्याभरात मिळून पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. त्यामुळे रानातली जमीन त्याखाली बऱ्यापैकी उबदार राहते, फार खोलवर गोठत नाही. रस्त्यावरचं पांघरूण मात्र आपण रोज पहाटे नांगर लावून काढून टाकतो. म्हणून रस्त्याखालची जमीन शेजारच्या रानापेक्षा खोल गोठते, एक ते दीड मीटर, कधी त्याहूनही खाली. आणि खोल गोठणं म्हणजे जास्त भिंगं, म्हणजे खालून आणलेलं जास्त पाणी.

हिवाळाभर याचा त्रास नाही. उलट गोठलेली माती काँक्रीटसारखी टणक असते. रस्ता थोडा वरखाली होतो, मोरीपाशी गाडी उसळते, कारण मोरी आणि शेजारचा भराव सारखे उचलले जात नाहीत. पण भार पेलायची ताकद वर्षभरात सगळ्यात जास्त याच दिवसांत असते. शेजारच्या मिनेसोटात तर गोठलेल्या रस्त्यांवर हिवाळ्यात परवाना काढून १० टक्के जास्त वजन नेता येतं.

मग ऊन वाढतं. काळं डांबर ऊन शोषतं आणि रस्ता वरून खाली वितळायला लागतो. रस्त्याखालची वरची तीस-चाळीस सेंटिमीटर माती सुटते. त्यातली भिंगं वितळतात, आणि त्या मातीत मावेल त्याहून जास्त पाणी मोकळं होतं. ते खाली जाऊ शकत नाही, कारण खाली अजून गोठलेलंच आहे. बाजूला जाऊ शकत नाही, कारण साइडपट्टीवर नांगराने लोटलेल्या बर्फाचे ढीग आहेत आणि त्यांच्या सावलीत ती जमीनही गोठलेली आहे. काठ गोठलेले, तळ गोठलेला, आणि मध्ये चिखल भरलेला. रस्ता म्हणजे एक लांबच लांब परात होते आणि तिच्यावर डांबराचं पातळ झाकण.

या झाकणावरून भरलेला ट्रक गेला, की झाकण लवतं. पाण्याचा दाब वाढतो आणि ते भेगांमधून वर फवारतं. सोबत बारीक माती घेऊन येतं, म्हणजे खालची पोकळी वाढते. पुढच्या ट्रकला झाकण आणखी लवतं. डांबराच्या खालच्या अंगाला सुरू झालेली भेग वर येते, शेजारच्या भेगेला मिळते आणि मगरीच्या पाठीसारखी नक्षी उमटते. एप्रिलमध्ये या भागात गाडी चालवाल तेव्हा बघा, ही नक्षी बहुतेकदा रस्त्याच्या मधोमध नसते. ती असते बाहेरच्या चाकाच्या वाटेवर, साइडपट्टीला लागून. पाणी तिथे असतं आणि डांबराला आधारही तिथेच कमी असतो.

इलिनॉयमधले ट्रक

वजन ३५ टक्के कमी केल्याने फरक किती पडतो? उत्तराची सुरुवात इलिनॉय राज्यातल्या ओटावा या गावाजवळ झालेल्या एका प्रयोगात आहे. ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात तिथे रस्त्यांचे सहा बंद फेरे बांधून त्यांवर अमेरिकी लष्कराच्या चालकांकडून ट्रक गोल गोल फिरवले गेले. एका फेऱ्यावर मुद्दाम काहीच फिरवलं नाही, नुसत्या हवामानाचा परिणाम बघायला. डांबराचे ४६८ आणि काँक्रीटचे ३६८ तुकडे, प्रत्येकाची जाडी वेगवेगळी. चालू फेऱ्यांवर ११ लाखांहून जास्त वेळा एक्सल गेले. रस्ता 'खराब' कधी म्हणायचं हे ठरवायला माणसांना गाडीत बसवून ० ते ५ असे गुण द्यायला लावले. खर्च २ कोटी ७० लाख डॉलर, १९५०च्या दशकातले.

यातून निघालेला सगळ्यात प्रसिद्ध निष्कर्ष म्हणजे चौथ्या घाताचा नियम. रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. ट्रकच्या एका प्रमाण एक्सलवर धरतात १८,००० पौंड, म्हणजे ८ टनांहून थोडं जास्त. लहान मोटारीच्या एक्सलवर येतात जेमतेम ८०० किलो. दहापट फरक, म्हणून झीज दहा हजारपट. तुमच्या-माझ्या गाड्यांनी रस्ते जवळपास झिजतच नाहीत. हा आकडा ढोबळ आहे. रस्त्याचा प्रकार आणि बिघाडाचा प्रकार बदलला की घातही बदलतो. पण दिशा पक्की आहे. शिवाय ओटावाच्या डांबरी तुकड्यांपैकी जे मोडले ते मुख्यतः वसंतात मोडले, हेही त्याच प्रयोगात दिसलं.

नियमाचा दुसरा अर्थ असा, की एकूण वजनापेक्षा ते किती एक्सलवर वाटलंय हे महत्त्वाचं. मिशिगनमध्ये ११ एक्सलचे अजस्र ट्रक दिसतात. कायद्याने ते ७४ टनांपर्यंत वजन नेऊ शकतात, अमेरिकेत इतरत्र दिसणाऱ्या ३६ टनांच्या पाच एक्सली ट्रकच्या दुप्पट. बघून छाती दडपते. पण भागाकार करा: ११ एक्सलवाल्याच्या वाट्याला एक्सलमागे पावणेसात टन येतात, पाचवाल्याच्या वाट्याला सव्वासात.

आता ३५ टक्के. ०.६५चा चौथा घात ०.१८. एक्सलमागची झीज पाचव्या भागाहून कमी होते! वितळत्या मातीत रस्ता कित्येक पटीने नाजूक झालेला असतो, आणि ही कपात तो नाजूकपणा बराचसा भरून काढते. कायदा करणाऱ्यांनी आकडा हवेतून उचललेला नाही.

पण ट्रकवाल्याचा हिशेब वेगळा आहे आणि तोही मांडायला हवा. समजा रिकामा ट्रक १५ टनांचा आणि भरलेला ३६ टनांचा, म्हणजे माल २१ टन. ३५ टक्के कपात झाली की एकूण वजन २३.४ टन, आणि रिकाम्या ट्रकचं वजन तर कमी होत नाही. म्हणून माल उरला फक्त ८.४ टन. एका खेपेच्या जागी अडीच खेपा. अडीच खेपा धरूनही रस्त्याची झीज निम्म्याहून कमीच राहते, पण डिझेल आणि चालकाचे तास अडीचपट होतात. पाटी सरकारने लावली, भुर्दंड ट्रकवाल्याला. त्यामुळे बरेच लाकूडवाले या दिवसांत काम बंदच ठेवतात. गिरण्या आधीच आवारात ओंडक्यांचे डोंगर रचून ठेवतात आणि तोडणारी माणसं काही आठवडे बिनकामाची बसतात. गाई मात्र फ्रॉस्ट लॉ बघून दूध द्यायचं थांबवत नाहीत. त्यामुळे दूध, घरं तापवण्याचा गॅस अशा गोष्टींसाठी निरनिराळ्या राज्यांत सवलती आणि परवाने आहेत.

माझं मत विचाराल तर नियम योग्य आहे. मोडलेला रस्ता दुरुस्त करायचा पैसा शेवटी त्याच विरळ वस्तीच्या तालुक्यांतून येतो, आणि तिथे रस्ता मोडला तर दुसरा रस्ताच नसतो. पण म्हणूनच पाटी एक आठवडा उगाच लवकर लागणं किंवा उशिरा निघणं ही क्षुल्लक चूक नव्हे. एकीकडे कुणाची मजुरी बुडते, दुसरीकडे रस्त्याचं आयुष्य.

तारीख कशी ठरवतात

जुनी पद्धत म्हणजे अनुभवी माणसाने रस्त्यावर जाऊन बघायचं, भेगांमधून पाणी येतंय का. अजूनही बघतातच. त्याच्या जोडीला रस्त्यात उभी नळी पुरतात आणि तिच्यात रंगीत पाणी भरतात. पाणी गोठताना रंग बाहेर टाकतं, त्यामुळे नळी वर काढली की कुठून कुठपर्यंत जमीन गोठलीये ते सरळ दिसतं. आणखी एक यंत्र रस्त्यावर ठरावीक वजन आपटतं आणि रस्ता किती लवला ते मोजतं.

मिनेसोटाची पद्धत मला विशेष आवडते, कारण ती हवामानाच्या अंदाजावरून पुढचं सांगते. रोजचं सरासरी तापमान एका संदर्भ तापमानापेक्षा जितकं जास्त असेल तितके अंश जमा करत जायचं. बेरीज २५ फॅरनहाइट अंश-दिवसांच्या पुढे जाणार असं दिसलं, की मर्यादा लावायची, किमान तीन दिवसांची आगाऊ सूचना देऊन. खुबी संदर्भ तापमानात आहे. जानेवारीत ते ३२ फॅरनहाइट, म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू, पण फेब्रुवारीपासून ते हळूहळू खाली आणतात. कारण सूर्य वर चढत जातो, आणि हवा शून्याखाली असली तरी काळं डांबर वितळायला लागतं.

पाटी काढण्याची वेळ आणखी नाजूक. एप्रिलच्या शेवटी हवा छान असते, रस्ता कोरडा ठक्क दिसतो आणि पाटी मात्र जागेवरच. ट्रकवाल्यांची चिडचिड इथे सगळ्यात जास्त होते. पण तळाचा गोठलेला थर वितळल्याशिवाय परातीला भोक पडत नाही, आणि भोक पडल्यावरही पोयट्यातून पाणी निघून जायला आठवडे लागतात.

या सगळ्या वेळापत्रकाची आता ओढाताण होतेय. २०२३-२४चा हिवाळा मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात नोंदींमधला सगळ्यात उबदार ठरला. असे हिवाळे रस्त्यांना बरे असतील असं वाटतं, पण जमीन एकदाच गोठून एकदाच वितळण्याऐवजी अधूनमधून वितळली, तर परात एका हिवाळ्यात अनेकदा भरते. शिवाय दलदलीतलं लाकूड काढायला यंत्रं आत न्यायची तर जमीन गोठलेलीच लागते. गोठलेले दिवस कमी झाले की लाकूडवाल्याचा हंगाम दोन्ही टोकांनी आखडतो.

ऊस

एवढं वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे जमीन गोठते? पण ओटावाचा तो १८,००० पौंडांचा एक्सल भारतातही आला आहे. डांबरी रस्त्यांची रचना ज्या आयआरसी-३७ या मार्गदर्शिकेप्रमाणे होते, तिच्यात प्रमाण एक्सल ८० किलोन्यूटनचा आहे, म्हणजे तोच. जड एक्सलचा हिशेबही तिथे चौथ्या घातानेच करतात. सांगली-सोलापूरकडचा राज्य महामार्ग इलिनॉयमध्ये फिरलेल्या ट्रकच्या मापानेच मोजला जातो.

आणि पाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे बर्फाऐवजी काळी माती आहे. तिच्यातली स्मेक्टाइट गटाची खनिजं पाणी आपल्या पापुद्र्यांमध्ये घेऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात शेताला हात जाईल अशा भेगा पडतात. रस्त्याच्या मधोमध डांबराच्या छपराखाली माती बरीचशी कोरडी राहते, पण कडेने पावसाळाभर पाणी शिरतं. परिणामी कड फुगते, आकसते, आणि साइडपट्टीला समांतर लांब भेगा पडतात. मिशिगनसारखीच जागा, कारण मात्र वेगळं. रचनाकारांना हे ठाऊक असतं. मातीची ताकद मोजण्याआधी नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे ती याचसाठी. त्या भिजलेल्या अवस्थेत काळ्या मातीची ताकद अगदीच थोडी उरते.

पाऊस संपतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. वरून रस्ता वाळलेला असतो, खालची माती अजून पाणी धरून असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक रस्त्यावर येतात. केंद्राच्या नियमातली एक्सलची मर्यादा मात्र बाराही महिने एकच. २०१८ साली ती वाढवली: चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन. वाढ फक्त १३ टक्क्यांची दिसते. चौथा घात काढला तर एक्सलमागची झीज ६२ टक्क्यांनी वाढते. खेपा थोड्या कमी होतात हे खरं, पण इतक्या नाही.

इथे फ्रॉस्ट लॉची नक्कल करून चालणार नाही. ओंडके आवारात दोन महिने पडून राहू शकतात, तोडलेला ऊस दोन दिवसांतच उतरायला लागतो. हंगाम पुढे ढकलणं शेतकऱ्याला परवडणारं नाही. मग उरतं ते पाण्याकडेच बघणं. कडेचा चर उघडा ठेवणं, साइडपट्टीचा उतार बाहेरच्या बाजूला राखणं, काळी माती काही खोलीपर्यंत काढून तिथे न फुगणारा मुरूम भरणं किंवा तिच्यात चुना मिसळणं. चुन्यातलं कॅल्शियम त्या खनिजांच्या पापुद्र्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं आणि माती पाणी घ्यायची कमी होते. यातलं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे चर, फावड्याने होणारं. आणि शेतात जायला वाट हवी म्हणून सगळ्यात आधी बुजवला जातो तोही चरच. तिथे एक पाइप टाकून वर माती घातली, तर वाट राहते आणि पाणीही वाहतं.